गाडी उचलण्याआधी मोजपट्टी घ्या

घरच्या गॅरेजसाठी मोटारसायकलची लिफ्ट निवडण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांनी पहिल्याच ओळीत 'किती किलोची घेऊ?' असं विचारलंय. आमच्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. लिफ्ट पूर्ण खाली बसल्यावर जमिनीपासून किती उंच राहते, तिचं लॉक कोणकोणत्या उंचीला लागतं आणि तुमच्या फरशीला ती झेपते का, हे आधी पाहावं लागतं.

प्रश्न : माझ्याकडे एक १५० सीसीची आणि एक ३५० सीसीची गाडी आहे. तेल बदलणं, चेन साफ करून ताणणं, ब्रेक पॅड, कधीमधी चाक काढणं एवढं घरी करतो. वाकून वाकून पाठ धरते. पॅडॉक स्टँडवर भागेल, की कात्री जॅक किंवा अख्खी गाडी वर नेणारी टेबल लिफ्टच घ्यावी?

उत्तर : चाक जमिनीवरून सुटणं आणि गाडी कमरेच्या उंचीला येणं या दोन निराळ्या गरजा आहेत. पॅडॉक स्टँड फक्त पहिली भागवतो. मागचं चाक तीन-चार बोटं वर येतं, मोकळं फिरतं, चेन नीट साफ होते, चाकही काढता येतं. पण तुम्ही जमिनीवरच बसलेले असता, त्यामुळे पाठीला काही आराम नाही. स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, बॉबिनसाठी (स्टँड अडकवायच्या गोल खुंट्यांसाठी) आटे असतील, म्हणजे बहुधा ६, ८ किंवा १० मिमीचे, तर व्ही खाचेचा स्टँड घ्या. तो घसरत नाही. आटे नसतील तर रबर चढवलेले एल आकाराचे हात घ्यावे लागतात आणि ते स्विंगआर्मच्या सपाट भागाखालीच बसवावे लागतात. पुढचा स्टँडही घेणार असाल तर एक क्रम कायम पाळा : आधी मागचा लावायचा, मग पुढचा, आणि उतरवताना आधी पुढचा काढायचा. फक्त पुढचं चाक उचललं तर गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. मागचं चाक फिरतं आणि गाडी स्टँडवरून पुढे निघते.

कात्री जॅक गाडीला पोटाखालून उचलतो. इंजिनाखालून चेसिसचे दोन पाइप जात असतील तर तो उत्तम बसतो. पण बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन हाच चेसिसचा एक भाग असतो आणि खाली असतो उघडा संप (इंजिनाच्या तळाची तेलाची वाटी), तेलाचा बोल्ट किंवा सायलेन्सरचा पाइप. अशा ठिकाणी थेट लोखंडी पॅड टेकवला तर ॲल्युमिनियमच्या संपाला तडा जातो. मध्ये १८ मिमी प्लायवूडचा तुकडा ठेवून भार पसरवता येतो, पण संपाच्या मधोमध नाही, त्याच्या जाड कडांवर. शिवाय जॅकची बैठक अरुंद असते. अ‍ॅक्सलच्या नटाला जोर लावला की गाडी वरच्या वर डोलते. म्हणून जॅक लावण्याआधीच, दोन्ही चाकं जमिनीवर असताना, तो नट अर्धा फेरा ढिला करून घ्यावा. घट्ट करतानाही शेवटचा जोर गाडी खाली आणल्यावरच.

तुमची तक्रार पाठीची आहे, म्हणून तुमच्यासाठी टेबल लिफ्टच. फक्त चाक मोकळं करायला टेबलावर एक पॅडॉक स्टँड किंवा लहान कात्री जॅक लागेलच. गाडीला मेन स्टँड असेल तर मागच्या चाकाचा प्रश्न आपोआप सुटतो. लिफ्ट घेतली की बाकी काही लागत नाही, असं समजून खरेदी करू नका.

प्रश्न : ३०० किलोची आणि ४५० किलोची अशा दोन टेबल लिफ्ट पाहिल्या. माझी गाडी १९५ किलोची आहे. ३०० किलोची पुरेल ना?

उत्तर : वजनाच्या हिशोबाने पुरेल. पेट्रोल-तेलासह गाडीच्या पूर्ण वजनाच्या दीडपट क्षमता असावी असा साधा ठोकताळा आहे, आणि तुमच्या गाडीला तो जेमतेम लागू पडतो. पण टेबलावर गाडी एकटी नसते. पुढच्या चाकाचा शिकंजा, वर ठेवलेला जॅक, हत्यारं आणि पान्यावर तुम्ही लावलेला जोर, हे सगळं त्यात येतं. दुसरं म्हणजे, लिहिलेली क्षमता भार मधोमध असेल असं धरून असते. इंजिन उतरवलं, मागचं चाक काढलं की भार एका टोकाला सरकतो.

जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कात्रीसारख्या हातांवर उठणाऱ्या लिफ्टला सगळ्यात जास्त ताण वर पोचल्यावर बसत नाही, जमिनीवरून उठताना बसतो. कात्रीचे हात जितके आडवे तितका खालच्या पिनांवर आडवा जोर जास्त. तळाशी बसवलेला सिलिंडर कात्रीची टोकं आडवी ओढत असेल तर हात जमिनीशी ४५ अंशांवर असताना लागणारा जोर वरच्या भाराइतकाच असतो. १५ अंशांवर तो पावणेचार पट होतो आणि १० अंशांवर साडेपाच पटींच्याही वर जातो. टेबल, गाडी आणि हत्यारं मिळून २५० किलो धरले तर तळाशी असताना पिनांवर १४०० किलोंच्या आसपास जोर येतो. सुरुवातीला पंप कडक लागतो तो यामुळे, आणि जुन्या लिफ्टचे वेल्डिंग खालच्या पिनांजवळ तडकतात तेही यामुळेच.

म्हणून दोन्ही लिफ्ट शेजारी ठेवून कात्रीच्या मधल्या आणि खालच्या पिना पाहा. पिन जाड आहे का, तिच्याभोवती बुश (झीज घेणारी नळी) आहे की पत्र्याच्या भोकातच ती फिरते, ग्रीस भरायला निप्पल दिलंय का, हात बंद चौकोनी पाइपचे आहेत की नुसत्या पट्टीचे? टेबल अर्ध्या उंचीला नेऊन एका कोपऱ्याला हाताने बाजूला ढकलून पाहा. बोटभर हललं तर नवी लिफ्टही नको. या सगळ्यात ३०० किलोची उजवी ठरली तर तीच घ्या, आकड्यामागे जाऊ नका.

प्रश्न : लिफ्ट घेऊन महिना झाला. गाडी बसकी आहे, व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १६० सेंमी. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी उंची, १२ सेंमी लिहिलाय. टेबलावर चढवताना मध्येच खालून घासते. लिफ्ट खाली असताना १८ सेंमी उंच आहे, रॅम्प ५५ सेंमीचा. लिफ्टच चुकीची घेतली का?

उत्तर : लिफ्ट ठीक आहे, रॅम्प तोकडा आहे. पुढचं चाक टेबलावर गेलेलं असतं, मागचं रॅम्पच्या पायथ्याशी आलेलं असतं आणि टेबलाची कड दोन्ही चाकांच्या मधे गाडीच्या पोटाकडे येते. सगळ्यात अडचणीचा क्षण हाच. त्या वेळी किती जागा लागते ते घरी काढता येतं. व्हीलबेसमधून रॅम्पची जमिनीवरची लांबी वजा करा, उत्तराला टेबलाच्या उंचीने गुणा आणि व्हीलबेसने भागा. तुमच्या बाबतीत १६० वजा ५५ म्हणजे १०५, गुणिले १८, भागिले १६०. उत्तर येतं ११.८ सेंमी. तुमच्याकडे आहेत १२. दोन मिलिमीटरांच्या भरवशावर गाडी चढत नाही, सस्पेन्शन जरा दबलं की घासणारच.

ही कड मागच्या टायरच्या टेकण्याच्या जागेपासून रॅम्पच्या लांबीइतकी पुढे असते, म्हणजे तुमच्या गाडीत ५५ सेंमी पुढे. तिथे नेमकं काय आहे ते खाली वाकून पाहा. बहुधा स्टँडचा कान, सायलेन्सरचा सांधा किंवा मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजचा बोल्ट असेल. माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स त्या जागेचा असेलच असं नाही, म्हणून मोजपट्टीने तिथलीच उंची घ्या.

उपाय सोपा आहे. रॅम्पची लांबी व्हीलबेसच्या निम्म्याहून जास्त केली की हिशोब बदलतो : टेबलाची उंची गुणिले व्हीलबेस, भागिले रॅम्पच्या लांबीची चौपट. १०० सेंमीचा रॅम्प लावला तर १८ गुणिले १६०, भागिले ४००, म्हणजे ७.२ सेंमी. एकदम साडेचार सेंमींची सोय झाली. रॅम्प ३ मिमीच्या चेकर पत्र्याचा करून खाली अँगलच्या दोन धावा आणि मध्ये दोन आडव्या पट्ट्या द्या. वरच्या टोकाला टेबलाच्या भोकात बसणारे दोन खुंटे हवेतच. नुसता टेकवून ठेवलेला रॅम्प मागचं चाक चढताना मागे सरकतो आणि गाडी मधोमध लोंबते. लांब रॅम्पला मध्ये एक पायही द्या, नाहीतर पत्रा दबून तीच उंची पुन्हा खाल्ली जाईल. आणि गाडीवर बसून चढवू नका. तुमच्या वजनाने सस्पेन्शन तीन-चार सेंमी बसतं.

ज्यांना अजून लिफ्ट घ्यायची आहे त्यांनी बंद अवस्थेतली उंची सर्वात आधी विचारावी. १७-१८ सेंमी ठीक, २० च्या वर गेली की बसक्या गाड्यांना त्रास होणार हे धरूनच चालावं.

प्रश्न : गॅरेजमध्ये टाइल्स आहेत आणि पाणी जाण्यासाठी दाराकडे थोडा उतार. लिफ्ट ठेवली तर टाइल्स फुटतील का? आणि एकूण जागा किती लागेल?

उत्तर : टाइल्स वजनाने फुटत नाहीत, खालच्या पोकळीमुळे फुटतात. १३० किलोची लिफ्ट आणि १९५ किलोची गाडी मिळून सव्वातीनशे किलो होतात. चारही पायांवर सारखे वाटले तर प्रत्येकी ८० च्या आसपास. पण जमीन जरा वरखाली असली की भार तिरप्या समोरासमोरच्या दोन पायांवरच येतो आणि प्रत्येकी १६० किलो होतात. ते लहानशा लोखंडी चाकावरून एका टिंबावर उतरतात. लिफ्ट जिथे ठेवायची तिथे टाइल्सवर नाण्याने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर ती टाइल जाणार. १८ किंवा १९ मिमीचं प्लायवूड लिफ्टच्या पूर्ण बैठकीखाली टाकलं की भार पसरतो. नुसत्या पायांखाली चौकोनी तुकडे ठेवू नका, ते सरकतात.

उताराचं पाहू. शंभरात एक असा ढाळ असला तरी २२० सेंमी लांबीत दोन टोकांमध्ये २.२ सेंमींचा फरक पडतो. लांबीच्या दिशेचा एवढा उतार चालतो, पण पुढचं चाक चढाच्या बाजूला ठेवा. आडवा उतार मात्र चालवून घेऊ नका. गाडी वर गेली की तिचं वजन आधीच एका बाजूला झुकलेलं असतं आणि कात्रीच्या एकाच बाजूच्या पिना झिजतात. पायांखाली लोखंडी पट्ट्या देऊन टेबल आडव्या दिशेने लेव्हलमध्ये आणा. लाकडी पाचर दाबली जाते, ती नको.

ज्या लिफ्टला अँकर बोल्टची भोकं आहेत ती शक्य असेल तर बोल्टने जखडावी. मात्र जमिनीवरच्या काँक्रीटमध्येच. गॅरेजखाली तळघर किंवा दुसरा मजला असेल तर स्लॅबला भोक पाडण्याआधी बांधकाम जाणणाऱ्याला विचारा.

जागा : टेबल २२० सेंमी, रॅम्प ५५ ते १००, आणि गाडी सरळ रेषेत उभी करायला आणखी २१० सेंमी. म्हणजे साधारण पाच मीटर सरळ पट्टा. गाडी वळवत रॅम्पवर आणायचा प्रयत्न बहुतेक वेळा फसतो. दार उघडं ठेवून मागची जागा बाहेर मिळत असेल तर आत सव्वातीन मीटरवर भागतं. दोन्ही बाजूंना ७० सेंमी तरी मोकळे सोडा, नाहीतर मोठा पाना फिरणार नाही. छताचंही पाहा : टेबल ८० सेंमी वर, आरशांपर्यंत गाडी १२० सेंमी, म्हणजे दोन मीटर झाले. त्यावर टाकी उचलून काढायला आणखी ३० सेंमी. शटरची पट्टी किंवा लोंबता दिवा नेमका तिथेच असतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. काही टेबल लिफ्ट खऱ्या कात्रीच्या नसतात, समांतर हातांवर झुलत वर जातात. त्यांचं टेबल वर जाताना पुढे किंवा मागेही सरकतं. हात ९० सेंमींचे असतील आणि टेबल ६० सेंमी वर जात असेल तर हे सरकणं ३० सेंमींच्या आसपास असतं. भिंतीला खेटून ठेवलेली अशी लिफ्ट पहिल्याच उचलीत पुढचा मडगार्ड भिंतीला लावते.

प्रश्न : पायाने पंप मारायची हायड्रॉलिक लिफ्ट आहे. रात्री गाडी वर ठेवली तर सकाळी टेबल दोन-तीन सेंमी खाली आलेलं असतं. धोका आहे का? तेल कोणतं घालू?

उत्तर : हो, धोका आहे. टेबल खाली येतं हा त्यातला लहान भाग. तुम्ही लॉक न लावता रात्रभर गाडी वर ठेवता, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

हायड्रॉलिक सिलिंडर उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आत एक रबरी सील आणि एक लहान गोळीचा झडप एवढ्यावरच सगळा भार उभा असतो. गोळीखाली कचऱ्याचा एक कण आला तरी तेल मागे झिरपतं. टेबलाखाली हात घालण्याआधी यांत्रिक लॉक, मग ती आरपार पिन असो की दात्यांची पट्टी, लागलंच पाहिजे. आणि नुसतं लावून पुरत नाही, त्यावर भार टेकवावा लागतो. हव्या उंचीच्या थोडं वर पंप मारा, लॉक घाला, मग व्हॉल्व्ह हळूच उघडून टेबल लॉकवर बसू द्या. बसल्याचा ठक आवाज येतो. दोन्ही बाजूंना लॉक असेल तर दोन्ही बसल्याचं डोळ्यांनी पाहा. एकच बसलं तर टेबल पिळवटतं. उतरवताना उलटा क्रम : आधी दोन-चार पंप मारून लॉकवरचा भार काढा, मग लॉक सोडवा, पाय आणि हात बाहेर, मग व्हॉल्व्ह पाव फेरा. भार असताना पिन हातोडीने ठोकून काढू नका. ती सुटली की टेबल आदळतं.

आता तेल. आयएसओ व्हीजी (तेलाच्या घट्टपणाचा क्रमांक) २२ किंवा ३२ चं हायड्रॉलिक ऑइल चालतं. ब्रेक ऑइल कधीच घालू नका. ते सिलिंडरमधल्या नायट्राइल रबराच्या सीलना फुगवून खराब करतं आणि महिनाभरात लिफ्ट अजिबात धरेनाशी होते. तेलाची पातळी टेबल पूर्ण खाली असतानाच पाहायची. वर असताना टाकी भरली तर खाली येताना जादा तेल बुचातून बाहेर उसळतं.

लक्षणावरून दोष ओळखता येतो. पंपाचा पेडल स्पंजासारखा मऊ लागतो तेव्हा आत हवा आहे. रिकामी लिफ्ट पूर्ण खाली आणा, बूच ढिलं करा, व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा पंप मारा, मग व्हॉल्व्ह बंद करून पाहा. टेबल शेवटपर्यंत वर जात नाही तेव्हा तेल कमी आहे. पंप घट्ट लागतो, टेबल वर जातं आणि मग हळूहळू बसतं, म्हणजे तुमचं लक्षण, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा आहे किंवा सील गेलंय. आधी जुनं तेल पूर्ण काढून नवं भरा, कारण ते स्वस्तातलं काम आहे आणि बऱ्याचदा कचरा त्याबरोबर निघून जातो. तरी बसत राहिलं तर सीलचा संच बदलावा लागेल. त्या वेळी सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर गंजाचा खड्डा पडलाय आणि तो नवं सीलही कापणार, दांडाच बदलावा लागेल.

रिकामं टेबल खाली यायलाच कुरकुर करतं, हा मात्र बहुतेकदा दोष नसतो. वर वजन नसलं की पिनांचं घर्षण त्याला अडवतं. पिना पुसून ग्रीस द्या.

प्रश्न : टेबलावर पुढच्या चाकाचा शिकंजा आहे. तरी पट्टे बांधायलाच हवेत का? बांधले तर पुढचं चाक काढायचं कसं?

उत्तर : हवेतच. शिकंजा चाक धरतो, गाडी नाही. टायरमध्ये हवा आहे, फोर्कला हालचाल आहे, मागून जोर लावला की गाडी शिकंजाच्या बिंदूभोवती झुलते. स्क्रूचा शिकंजा टायरच्या बाजू चेपतो. अलॉय रिम असेल तर जबडा रिमवर नाही, रबरावरच बसला पाहिजे. चाक आत गेलं की स्वतःच उलटून पकडणारा पाळणा यापेक्षा बरा, कारण एकट्याने गाडी चढवताना शिकंजा आवळायला तिसरा हात लागत नाही. पाळण्याची रुंदी तुमच्या टायरला जुळवून घ्या. अरुंद टायर रुंद पाळण्यात डोलतो.

२५ मिमी रुंदीचे चार रॅचेट पट्टे घ्या. प्रत्येकावर छापलेली कामाची मर्यादा किमान २०० किलो असावी. पुढचे दोन फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला मऊ पट्ट्याच्या फासाने बांधा, खाली आणि बाहेरच्या बाजूला, साधारण ४५ अंशांत. हँडलबारला बांधू नका, रबराच्या बुशवर बसवलेला असला तर तो फिरतो. ब्रेकची नळी, वायरिंग किंवा इंडिकेटर पट्ट्याखाली आलाय का ते बोटाने चाचपा. फोर्क त्याच्या हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाइतका दाबा, म्हणजे चार सेंमी. त्याहून कमी दाबला तर पट्टे ढिले पडतात, पूर्ण दाबला तर फोर्कच्या सीलवर नको तो ताण. दोन्ही बाजू आलटून पालटून ओढा, एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर गाडी तिकडे कलते. मागचे दोन पट्टे फूटरेस्टच्या ब्रॅकेटला किंवा चेसिसला, मागच्या दिशेने.

पुढचं चाक काढायचं असेल तर शिकंजाचा उपयोग नाही, उलट तो काढून टाकावा लागतो. तेव्हा भार मागे घ्या. टेबलावर कात्री जॅक, चेसिसच्या पुढच्या भागाखाली. मागचं चाक पट्ट्याने टेबलाला घट्ट, आणि मागचे दोन्ही पट्टे खाली व मागे ओढलेले. पुढचे पट्टे फोर्कला नसतात आता, चेसिसला किंवा इंजिनाच्या माउंटला. हे सगळं टेबल खाली असतानाच करून घ्या आणि मगच वर न्या. वर नेऊन जॅक लावू नका.

मागचं चाक काढताना उलट. पुढचा शिकंजा आणि पट्टे राहू द्या, मागे स्टँड. टेबलाचा मागचा पत्रा निघणारा असेल तर चाक खाली सोडता येतं, नसेल तर गाडी चाकाच्या अर्ध्या उंचीइतकी तरी वर घ्यावी लागते. ही एक सोय मागून घेण्यासारखी आहे. इंजिन उतरवायचं असेल तर पट्टे आधीच्या तोलावर आवळलेले असतात हे लक्षात ठेवा. इंजिन निघालं की मधला भार जातो, गाडी हलकी होते आणि सस्पेन्शन वर येतं, त्यामुळे पट्टे पुन्हा तपासा.

प्रश्न : गाडी एकट्याने टेबलावर चढवणं शक्य आहे का?

उत्तर : हलकी गाडी असेल तर हो. २०० किलोची गाडी, १७-१८ अंशांचा रॅम्प. रॅम्प व्हीलबेसपेक्षा छोटा असल्याने एका वेळी एकच चाक चढावर असतं, म्हणून ढकलायला सुमारे ३० किलोंचा जोर लागतो, ६० चा नाही. अवघड असतो तो तोल. तुम्ही जमिनीवर आणि गाडी तुमच्यापेक्षा १८ सेंमी वर, त्यामुळे हँडल छातीशी येतं. डाव्या बाजूला टेबलाइतक्या उंचीची ३० सेंमी रुंद फळी ठेवा आणि तिच्यावरून चाला. पुढचा ब्रेक हाताखाली राहू द्या.

घेण्याआधी साइड स्टँड टेबलावर टेकतो का ते मोजा. चाक मधोमध असताना स्टँडचा पाय मध्यरेषेपासून ३० ते ३५ सेंमी बाहेर जातो. ५५-६० सेंमी रुंद टेबलावर तो कडेबाहेर जातो, आणि एकट्या माणसाला पट्टे बांधेपर्यंत गाडी उभी कशावर ठेवायची हा प्रश्न पडतो. रुंदी वाढवणारा पत्रा जोडता येत असेल तर तो घ्याच. २२० किलोंच्या वरच्या गाडीला मात्र दुसरा माणूस बोलवा, तो उजवीकडून फक्त हात टेकवून उभा राहिला तरी पुरे. उतरवताना मागे पाहत पाहत, आणि या वेळी तर दुसरा माणूस हवाच.

प्रश्न : एक जुनी वापरलेली लिफ्ट मिळते आहे. दुसरीकडे ओळखीचा फॅब्रिकेशनवाला तशीच बनवून देतो म्हणतो. काय करावं?

उत्तर : जुनी चांगली असेल तर जुनी. कात्रीची लिफ्ट बनवणं दिसतं तितकं सरळ नाही. चारही हातांची भोकं एकाच जिगमध्ये (मापाच्या साच्यात) पाडलेली नसतील तर टेबल वाकडं चढतं आणि एका बाजूच्या पिना अडकतात. वर सांगितलेला तळाचा जोर कारागिराने धरलेला नसतो, तो फक्त गाडीचं वजन विचारतो. बनवूनच घ्यायची तर सिलिंडर कात्रीच्या हातांना असा लावायला सांगा की टेबल पूर्ण खाली असतानाही हात १५ अंशांपेक्षा आडवे नसतील, आणि लॉक सिलिंडरवर नाही, थेट हातावर किंवा खालच्या चौकटीवर बसेल.

जुनी पाहताना तारेचा ब्रश आणि टॉर्च न्या. पिनांजवळचा रंग घासून वेल्डिंगच्या कडेने केसासारखी रेघ दिसते का पाहा. ताजा रंग फक्त तिथेच दिला असेल तर जास्तच निरखून. भोकं लंबगोल झाली असतील तर पिन एका बाजूला हलते. लॉकच्या दात्यांच्या कडा गोल झाल्या असतील तर सोडून द्या, तो भाग दुरुस्त करण्यासारखा नाही. शेवटी भार देऊन परीक्षा : गाडी चढवा, अर्ध्या उंचीला न्या, लॉक दोन-तीन सेंमी खाली लागेल असं ठेवा आणि टेबलाच्या कडेची उंची भिंतीवर खडूने मांडा. तासाभराने रेघ बोटभर सरकली असेल तर सील बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. रेघ जागच्या जागी असेल, पण टेबल एका कोपऱ्याला खाली झुकलं असेल, तर खर्च सीलचा नाही, बुश आणि पिनांचा आहे. ते काम लिफ्ट पूर्ण सुटी करूनच होतं.